गाळा क्रमांक अकरा

५ मार्च, गुरुवार

ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही, त्यामुळे आपलं हे पत्रांचं बरं चाललंय. एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं, ही सोय समोरासमोर कधी नव्हती.

भाऊजींच्या गोदामाच्या दारावर बसायची जागा आहे, महिनाअखेरपर्यंत कळव, असं तू लिहितेस. वाचलं. दोनदा वाचलं. ताई, मी सत्तावीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिलो. उभा. कारखाना बंद झाला म्हणून माझे पाय बंद पडलेले नाहीत. तरी तोंडावर नाही म्हणत नाही. महिनाअखेरपर्यंत मला माझ्या कामाची जागा मिळाली तर मिळाली. नाही तर बॅग भरून तुझ्याकडे येतो आणि आल्यागेल्याच्या सह्या घेत खुर्चीवर बसतो. लिहून देतोय, म्हणजे मला फिरता येणार नाही.

जागा शोधायला मी इथल्या रोजगार केंद्रात जातो. खरं म्हणजे हिने नेऊन सोडलं आणि दारात उभी राहिली, मी पळून जाऊ नये म्हणून. तळमजल्यावर पुढे दोन खोल्या, मागे चार. दारातल्या यंत्राचं बटण दाबलं की क्रमांकाची चिठ्ठी येते. माझी सत्तेचाळीस, पाटीवर तेव्हा बारा. पस्तीस माणसांना किती वेळ लागेल असं शिपायाला विचारलं, तर म्हणतो, "काका, मधले बरेच कंटाळून जातात." पद्धत म्हणून ही काही वाईट नाही.

फॉर्मवर 'कौशल्य' या रकान्याला दीड ओळ जागा. मी कागद उलटून मागे चौदा ओळी लिहिल्या. 'शिक्षण' पुढे आठवी. 'प्रमाणपत्र' पुढे काही नाही. टोपणनावाचा रकाना नव्हता, नाही तर 'अर्धसूत' लिहिलं असतं. सत्तावीस वर्षं अर्ध्या सुताची चूक चालवून घेतली नाही, त्याबद्दल कारखान्याने दिलेली तेवढी एकच पदवी माझ्याकडे आहे.

समुपदेशक बाई म्हणून एक आहेत. चष्मा कपाळावर ठेवून वाचतात.

"काका, शिकलात कुठे?"

"मशीनवर."

"शिकवलं कोणी?"

"मशीनने."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मी म्हटलं, नोकऱ्या कुठे ठेवल्या आहेत ते दाखवा, मी बघून घेतो. तर म्हणाल्या, आम्ही नोकऱ्या ठेवत नाही, आम्ही माणसाला नोकरीपर्यंत पोचवतो. हे मला कळलेलं नाही. हिलाही कळलेलं नाही, पण ती मान डोलावत होती.

रोज दहा ते अकरा 'संवाद कौशल्य', अकरा ते एक संगणक. बोलायला मी दीड वर्षाचा असताना शिकलो, तू साक्षीला आहेस. त्या तासाला मी बसत नाही. तेवढ्या वेळात मागच्या खोलीतली डुगडुगणारी टेबलं नीट करतो. सहा होती, आता दोन राहिली.

भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ


११ मार्च, बुधवार

शहाण्या,

दीड वर्षाचा असताना तू बोलत नव्हतास. अडीच पूर्ण झाल्यावर बोललास, आणि पहिलंच वाक्य माझी चूक काढणारं होतं. मी रांगोळीला दहा म्हटलं होतं, तू अकरा ठिपके आहेत म्हणालास. तेव्हा त्या बोलायच्या तासाला जाऊन बस. टेबलं डुगडुगली तर कोणी मरत नाही.

चौदा ओळी लिहिल्यास, त्यात एक तरी ओळ माणसांशी जमवून घेण्याबद्दल आहे का?

गोदामाचं मनावर घे. दारावर बसणं म्हणजे काही भीक मागणं नाही. सावली आहे, पंखा आहे. खुर्चीसाठी मी गादी शिवायला घेतली आहे. आमचं घर दोघांना फार मोठं पडतं. तुम्ही दोघं आलात की खोल्यांना खोल्यांसारखं वाटेल.

हे बरे आहेत. आत्ता पडलेत, म्हणून त्यांच्या हातच्या दोन ओळी या वेळीही नाहीत.

ताई


२१ मार्च, शनिवार

ताई,

खुर्चीची गादी दुसऱ्या कोणाला दे. मला नोकरी लागली.

सगळं क्रमाने सांगतो. गुरुवारी सकाळी मी मागच्या खोलीत शेवटच्या टेबलाच्या पायाला लाकडाची चकती बसवत होतो. मोबाइलवर केंद्राचा निरोप आला : 'मुलाखत, ११ वाजता, कक्ष ४.' हात धुतले आणि गेलो. टेबलाच्या पलीकडे तिघं. मधले पांढऱ्या मिशांचे, मुख्याध्यापकासारखे दिसणारे. डावीकडे एक बाई, गळ्यात शिवणकामाची टेप. घाईत काढायची राहिली असेल. उजवीकडचा सारखा घड्याळ बघत होता, मालकाचा हिशेबनीस वाटला. समोर कागद, वर छापलेलं 'अ.ब.क. इंजिनिअरिंग'. भागीदार तिघं असणार, त्यांची पहिली अक्षरं.

मिशावाल्यांनी विचारलं, "तुमचा दोष सांगा." आता ही काय विचारायची पद्धत झाली? पण मी सांगितलं, चूक दिसली की मला गप्प बसता येत नाही. लगेच लिहून घेतलं. मग विचारलं, वरिष्ठांशी मतभेद झाला तर काय कराल? मी म्हटलं, मोजून दाखवीन. टेपवाल्या बाई हसल्या. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, तुमच्याच मशीनसमोर, दुसरीकडे कुठे?

मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मधले उठून उभे राहिले. हात पुढे केला. म्हणाले, "आम्ही तुमची निवड केली आहे. सोमवार, तीस तारीख, सकाळी आठ." कागद दिला. त्यावर पत्ता आहे, औद्योगिक वसाहत, गल्ली सात, गाळा अकरा. बाहेर दहाबारा जण बसले होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अवघडल्यासारखं झालं. इतका मोकळेपणा नोकरी देणाऱ्यांत मी कधी पाहिला नव्हता.

तू मला त्या बोलायच्या तासाला बसवत होतीस. न बसता लागली.

भाऊजींना सांग की त्यांनी आठवण ठेवली हे मोठं, पण दारावर दुसरा माणूस बघावा. हिने माझा निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय, अजून नऊ दिवस आहेत तरी.

तुझा भाऊ


२७ मार्च, शुक्रवार

शहाण्या,

बरं झालं. पत्र वाचलं आणि देवाजवळ दिवा लावला, मग पुन्हा वाचलं. शेजारच्या मास्तरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अ.ब.क. असं कुठे कंपनीचं नाव असतं का? मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांची असतात अशीच.

पण एक विचारते. तिघांपैकी एकाने तरी तुला मशीनबद्दल काही विचारलं का? तू लिहिलेलं मी बोट ठेवून वाचलं, मला सापडलं नाही. तुझं लिहायचं राहिलं असेल.

गोदामाची चिंता करू नकोस. यांना मी सांगते. एका परीने माझ्याही डोक्यावरचं उतरलं.

पहिल्या दिवशी वाद घालू नकोस. दुसऱ्या दिवशी घाल.

ताई


३१ मार्च, मंगळवार

ताई,

गल्ली सातमध्ये गाळे दहाच आहेत.

काल सकाळी साडेसातला पोचलो. डाव्या हाताला एक ते पाच, उजव्या हाताला सहा ते दहा. दहाव्याच्या पुढे भिंत, भिंतीला नळ, नळाखाली अर्धी फुटलेली फरशी. मला वाटलं क्रमांक घालताना चूक झाली असेल. परत पहिल्यापासून मोजत आलो. सहाव्या आणि आठव्या गल्लीत जाऊन बघितलं, तिथेही दहाच. चहावाल्याला अ.ब.क. विचारलं, त्याने पुढचं अक्षर सांगितलं आणि हसला. आठ वाजले, सव्वाआठ झाले. डबा हातात धरून मी नळापाशी उभा होतो. नळाला पाणी प्यायला आलेला एक वेल्डर म्हणाला, "काका, कोणाची वाट बघताय?" मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

नऊला केंद्रात गेलो. चिठ्ठी घेतली नाही, सरळ आत. कागद समुपदेशक बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"काका, तुम्ही खरंच तिथे गेलात?"

"आठ म्हटल्यावर साडेसातला."

"अहो, तो सराव होता. सरावाची मुलाखत. सकाळच्या तासाला आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो."

त्या तासाला मी टेबलं नीट करत होतो.

मिशावाले निवृत्त मुख्याध्यापकच निघाले, मोफत येतात. टेपवाल्या बाई शिवणवर्गाच्या. घड्याळवाला केंद्राचाच हिशेबनीस, त्याला जेवायला जायचं होतं. सगळ्यांनाच शेवटी 'निवड झाली' म्हणतात, उमेद वाढावी म्हणून. बाकीच्यांना माहीत होतं. टाळ्या त्यासाठी होत्या. पत्ताही मुद्दाम नसलेला छापतात, कोणी खऱ्या माणसाला जाऊन त्रास देऊ नये म्हणून. इतका विचार केलाय. मी येईन एवढाच केला नव्हता.

बाई रडवेल्या झाल्या. मीच त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, तुमचा अर्ज मी तीन ठिकाणी पाठवलाय, येत राहा. काय पाठवलाय, कुठे पाठवलाय, हे मी विचारलं नाही. त्यातलं कुठलं खरं हे मला ओळखता येईल असं वाटत नाही.

हिला अजून सांगितलेलं नाही. कालही डबा घेऊन गेलो, आजही. नळापाशी बसून खाल्ला.

आता हे पुढचं वाक्य मी तीनदा लिहून खोडलंय. भाऊजींनी दारावर दुसरा माणूस ठेवला नसेल, तर मी यायला तयार आहे. महिनाअखेर म्हटलं होतं, ती आजच आहे. मी लिहून दिलं होतं.

तुझा भाऊ


६ एप्रिल, सोमवार

माझ्या बाळा,

तुझं पत्र हातात घेऊन दोन दिवस बसले. आता मलाही एक वाक्य लिहायचंय आणि मीही खोडतेय.

गोदामावर जागा नाही. कधीच नव्हती. गोदामच नाही. यांनी दोन वर्षांपूर्वी ते दुसऱ्याला देऊन टाकलं. यांचे हात थरथरतात, उजवा जास्त. कुलपात किल्ली जात नाही. म्हणून त्यांच्या हातच्या ओळी येत नाहीत. तुला कळवू नको असं त्यांनीच सांगितलं. शर्टाची बटणं मी लावते, ते भिंतीकडे बघत उभे राहतात.

तुझा कारखाना बंद झाल्याचं कळलं, तेव्हा मला वाटलं, 'ये आणि आमच्याकडे राहा' म्हटलं तर तू जन्मात येणार नाहीस. काम आहे म्हटलं तर येशील. आलास की मग सांगितलं असतं. चार दिवस रागावला असतास, पाचव्या दिवशी यांचं टेबल डुगडुगतंय म्हणून खाली बसला असतास. एवढाच माझा बेत होता. गादी मात्र खरी आहे, निम्मी शिवून झाली आहे.

म्हणजे तू नसलेल्या नोकरीसाठी नसलेली नोकरी सोडलीस. तुझं नुकसान काहीच झालं नाही, असं मास्तरीणबाई म्हणतात. त्यांना हसू येत होतं. मला आलं नाही.

आता माझं ऐक. घरी सांगून टाक. डबा भरणारीला कळतंच. आणि केंद्रात परत जा. त्यांनी पुन्हा सराव घेतला तर घेऊ दे. घाबरू नकोस, छाती काढूनही बसू नकोस. आहे तो सगळा सरावच, असं समजून जा. निदान पुन्हा नळापाशी उभं राहायला नको.

रागावला असशील तर तसं लिही. पण लिही.

ताई


१८ एप्रिल, शनिवार

ताई,

रागावलोय. तसं लिहितोय. भाऊजींच्या हाताबद्दल दोन वर्षं मला कळवलं नाही, यासाठी. गोदामासाठी नाही. गोदामाचं मी दोनदा वाचलं. मग हिला दोन्ही सांगितलं, गाळाही आणि गोदामही. ती म्हणाली, "तुम्ही भावंडं एकमेकांना काय काय देता." मग म्हणाली, डबा कुठे खात होतात? नळाचं सांगितलं तर उठून आत गेली.

केंद्रात परत गेलो. आता दहाच्या तासालाही बसतो. मागच्या बाकावर. वाटलं होतं तितकं वाईट नाही. समोरचा बोलत असताना त्याच्याकडे बघायचं, असं एक शिकवलं.

परवा पुन्हा निरोप आला. अगदी तोच : 'मुलाखत, ११ वाजता, कक्ष ४.' बाईंनी वर सांगितलं, "काका, आज नीट बोला हं." म्हटलं, ठीक आहे. निळा शर्ट घातला नाही, रोजचाच घातला. खिशात माझा मायक्रोमीटर होता, तो असतोच.

या वेळी एकच माणूस. पन्नाशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, नखांच्या कडांत काळं तेल. मनात म्हटलं, मिशावाल्यांपेक्षा हा नट चांगला आणलाय. त्याने एक नकाशा पुढे सरकवला, पायऱ्यापायऱ्यांच्या दांड्याचा. "हा बनवाल?"

मी बघितलं. बत्तीस, पंचेचाळीस, अठरा, पंचवीस. बेरीज एकशेवीस होते. खाली एकूण लांबी एकशे अठरा लिहिली होती. म्हटलं, "बनवतो, पण आधी दोन मिलिमीटर कुठे गेले ते सांगा."

त्याने नकाशा आपल्याकडे वळवला, खिशातून पेन्सिल काढून बेरीज केली. मग पिशवीतून एकाच जाडीचा एक तयार दांडा काढून दिला. मी दोन्ही टोकांना मोजला. एका टोकाला चार शतांश मिलिमीटर जाड. सांगितलं, "तुमच्या लेथचं मागचं टोक सरकलंय. कामगाराला बोलू नका, मशीनला बोला."

"प्रमाणपत्र?"

"नाही."

"मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका. मोजून घ्या."

सराव आहे म्हटल्यावर माणूस किती सरळ बोलतो बघ. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही खरे कोण?"

"मालक."

"छान करता," मी म्हटलं, आणि उठलो. टाळ्या आणि हात मिळवणं मला पुन्हा नको होतं. तो मागून काहीतरी म्हणत होता. मी दार लावून घेतलं. ते दार आता आवाज करत नाही, बिजागरी मीच नीट केली आहे.

भाऊजींच्या हातासाठी डॉक्टर काय म्हणतात ते सविस्तर लिही. कधी जास्त थरथरतात, सकाळी की संध्याकाळी, चमचा धरताना की नुसतं बसल्यावर. मोजून ठेव.

तुझा भाऊ


२३ एप्रिल, गुरुवार

शहाण्या,

सकाळी जास्त. चमचा धरताना कमी, नुसतं बसल्यावर जास्त. तू विचारलंस म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले हे आधी का नाही सांगितलंत, आणि गोळी बदलली.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्या माणसाच्या नखात तेल होतं म्हणतो ना? मुख्याध्यापकाच्या नखात होतं का?"

नव्हतं. मी पहिल्या मुलाखतीचं पत्र काढून बघितलं. खडूसुद्धा लिहिलेला नाहीस.

अरे, सरावासाठी कोणी नखात तेल घालून येतं का? आणि पिशवीतून बिघडलेला दांडा आणतं का? तू त्याच्या तोंडावर दार लावून आलास.

हे पत्र मिळेल त्या दिवशी बाईंकडे जा. चिठ्ठी घेऊ नकोस.

ताई


६ मे, बुधवार

ताई,

त्या मुलाखतीनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो, पण तुझं पत्र आलं त्याच दिवशी केंद्रात गेलो. भाऊजींनी नखाचं पकडलं आणि मी नाही, हे मला लागलंय. त्यांना सांग.

बाई मला बघून उठूनच उभ्या राहिल्या. "काका, फोन का उचलत नाही? ते मालक तीनदा विचारून गेले." अनोळखी क्रमांक मी उचलत नाही. मग त्यांनी खणातून पाकीट काढलं. नेमणुकीचं पत्र. वर कंपनीचं पूर्ण नाव, खाली सही. मी म्हटलं, सही ओल्या बोटाने घासून बघू का? त्यांनी बघू दिली. पसरली. मग पत्ता बघितला. गल्ली तीन, गाळा चार. पुढे नोकरी लिहिलीय 'मदतनीस', तीन महिने. प्रमाणपत्राशिवाय कागदावर मला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, म्हणता येत नाही. बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात इथेच कौशल्य चाचणी असते, तुम्ही करून दाखवायचं, ते मोजणार, मग प्रमाणपत्र. मला ही पद्धत पटली. आधीच का नाही सांगितलं विचारलं, तर तेही दहाच्या तासालाच सांगितलं होतं.

पत्र घेऊन घरी आलो. हिने तीनदा वाचलं आणि मला म्हणाली, आधी जाऊन गाळा बघून या. दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. गल्ली तीनमध्ये एक, दोन, तीन, चार. होता. शटर बंद होतं, रविवार होता. तिने शटरला हात लावून बघितला.

सोमवारी साडेसातला गेलो. दारात हजेरीची कार्डं लावलेली फळी, त्यात एक माझ्या नावाचं. ते यंत्रात घातलं, खट् वाजलं, बाहेर काढलं तर ७:४१ छापलेलं. माझ्या घड्याळात ७:४३. मी काही बोललो नाही. पहिला दिवस होता.

मालक आले. म्हणाले, "त्या दिवशी दार का लावलंत?" म्हटलं, मला वाटलं तुम्ही खोटे आहात. त्यांनी विचारलं, "आणि आता?" मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. त्यांनी मला तो लेथ दाखवला, मागचं टोक सरकलेला. म्हणाले, बोला त्याच्याशी. दुपारपर्यंत त्याच्याशी झटलो. मग एक दांडा फिरवला, दोन्ही टोकांना मोजला. सारखा.

काल घड्याळाचंही सांगितलं. दुसरा दिवस होता, तू परवानगी दिली होतीस.

अजूनही सकाळी त्या गल्लीत वळताना मी गाळे मोजतो. ही म्हणते, सवय जाईल. बाईंनी निरोप पाठवलाय की एखाद्या शनिवारी सरावाच्या मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे बसायला या, मिशावाल्यांच्या शेजारी. मी कळवलंय येतो, पण दारावर 'सराव' अशी पाटी पाहिजे, अक्षर चार इंचांचं, आणि शेवटी निवड झाली असं कोणालाही म्हणणार नाही. त्यांनी पाटीचं मान्य केलंय.

पहिली रजा मिळाली की आम्ही दोघं येतो. काम आहे म्हणून नाही. गादी पूर्ण करून ठेव, भाऊजींच्या खुर्चीला होईल. त्यांच्या शर्टांना बटणांऐवजी काय लावता येईल ते मी डोक्यात मांडतोय. येताना करून आणीन, माप तेवढं पाठव.

पाकिटात कागदात गुंडाळलेला लोखंडाचा कीस आहे, त्या पहिल्या दांड्याचा, स्प्रिंगसारखा वळलेला. कडा धारदार आहेत. जपून उघड, बोट कापेल.

तुझा भाऊ